जुनी जीन्स, दोन टी-शर्ट आणि सुई-दोरा: घरच्या घरी जुन्या कपड्यांना नवं रूप द्यायचंय त्यांच्यासाठी

टी-शर्टच्या आत मानेपाशी नाहीतर कमरेजवळच्या शिवणीत एक छोटीशी पट्टी असते, टोचते म्हणून बरेच जण ती पहिल्याच दिवशी कापून टाकतात. तुमची अजून जागेवर असेल तर आधी ती वाचा. कारण कपडा रंगवायचा असो, फाडायचा असो, त्यावर टाके घालायचे असोत, त्या पट्टीवर "100 टक्के कॉटन" लिहिलंय की "60 टक्के कॉटन, 40 टक्के पॉलिएस्टर" लिहिलंय यावरच निम्मं काम जमणार की फसणार ते ठरतं, आणि जुन्या कपड्याला नवं रूप देण्याच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, तिथे फक्त कात्री चालते आणि पुढच्या क्षणी तयार कपडा घालून कुणीतरी गिरकी घेत असतं.

मी ब्लीचचं पहिलं काम केलं तेव्हा काळा टी-शर्ट जमिनीवर पसरला, शिंपडलं आणि वाट बघत बसले. दहा मिनिटं झाली, काही नाही. अजून ओतलं. अर्धा तास झाला तरी कापड होतं तसंच काळं कुळकुळीत, फक्त खोलीभर वास आणि माझे हात कोरडे ठणठणीत. तेव्हा कुठे पट्टी बघितली तर तो खेळायचा टी-शर्ट, पूर्ण पॉलिएस्टर. त्यावर ब्लीचने जन्मात काही झालं नसतं. त्या दिवसापासून मी कपडा हातात घेतला की आधी आत बघते, मग बाहेर.

दुसरी गोष्ट जी मला कुणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवी होती ती कामाच्या क्रमाची. टाके उसवता येतात, ठिगळ काढता येतं, पिना काढता येतात. कापलेलं जोडता येत नाही आणि ब्लीचने गेलेला रंग परत येत नाही. म्हणून नवीन असाल तर उसवता येणाऱ्या कामापासून सुरू करा आणि ब्लीच सगळ्यात शेवटी. खाली मी त्याच क्रमाने लिहिलंय, मधलं गाळून थेट ब्लीचवर जाऊ नका ही मनापासून विनंती.

आणि ट्रेंडचं म्हणाल तर त्याच्या मागे जीव टाकून धावायची गरज नाही, कारण तो फिरून येतो. 1970 च्या दशकात बेलबॉटम होत्या, 2000 च्या आसपास कमरेखाली बसणाऱ्या लो-राइज जीन्स आल्या, 2010 च्या आगेमागे सगळे पायाला चिकटलेल्या स्किनीमध्ये आणि नंतर परत ढगळ, रुंद पायाच्या जीन्स. वाय-टू-के नावाने जे चालतं ते म्हणजे साधारण 2000 च्या वेळचेच कपडे. त्यामुळे कपाटातली जुनी जीन्स हा सगळ्यात चांगला कच्चा माल आहे, धुऊन धुऊन मऊ झालेली असते, आटायची ती आटून झालेली असते, आणि बिघडली तरी फार वाईट वाटत नाही.

आधी कापड ओळखा

पट्टी नसेल तर एक जुनी युक्ती आहे, धागा जाळून बघायची. आतल्या शिवणीच्या कडेचा दोन-तीन सेंटिमीटरचा धागा काढा, म्हणजे कापडाचा धागा हं, शिलाईचा दोरा नाही, तो वेगळ्याच मालाचा असू शकतो. धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्याचा मग, केस बांधलेले, आणि वयाने लहान असाल तर घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. कॉटन भुर्रकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते जी बोटांनी चुरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून घेतं, वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी तयार होतो, तो चुरत नाही (गार होईपर्यंत हात लावू नका, भाजतो). लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. राखही आहे आणि मधे टणक कणही लागतात म्हणजे मिक्स कापड आहे. व्हिस्कोस पण कागदासारखंच जळतं, पण ते कॉटनपेक्षा सुळसुळीत असतं आणि ओलं झालं की कमकुवत होतं, त्यामुळे हातात घेतल्यावर फरक कळतो.

मग बघायचं की कापड विणलंय कसं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून टी-शर्टवर धरा, इंग्रजी व्ही अक्षरासारखे बारीक फासे एकाखाली एक दिसतील. हे होजिअरीचं कापड, एकात एक अडकवलेल्या फाशांचं, म्हणून ताणलं जातं, आणि कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत, नुसती कड वळते. आता जीन्सवर धरा, तिरक्या रेषा दिसतील. हे मागावर विणलेलं कापड, उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांत घातलेले, याची कड कापली की धागे निघतच राहतात. एवढा फरक डोक्यात बसला की टी-शर्टला शिलाई न मारता कापलं तर का चालतं आणि जीन्सचं तसं केलं तर का उसवत जातं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सामान

फार लागत नाही. कापडाची कात्री वेगळी ठेवा, तिने कागद कापायचा नाही, कागदाने धार जाते आणि मग ती कापड चावत चावत कापते. मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई, भरतकामाचा दोरा, टाचण्या, कापडावर खुणा करायचा खडू, मोजपट्टी, भुवयांचा चिमटा, टाके उसवायचा सीम रिपर. इस्त्री असेल तर उत्तम. मशीन नसलं तरी इथलं एकही काम अडत नाही.

कपडा धुऊन घ्या. नवा असेल तर हे टाळूच नका, कारण नव्या कापडावर कांजी किंवा फिनिशिंगचा थर असतो, रंग नीट बसत नाही, आणि कॉटन पहिल्या एक-दोन धुण्यात आटतं, तुम्ही आधी मापाने कापलंत आणि नंतर धुतलंत की माप गेलं. धुताना सॉफ्टनर घालू नका.

पहिलं काम: जीन्सवर दिसणारं ठिगळ

पूर्वी ठिगळ लपवायचे, आता मुद्दाम दिसेल असं लावतात. जपानमध्ये साशिको नावाचा प्रकार आहे, इंडिगोच्या निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे धावदोऱ्याचे टाके, तो मुळात गरजेतून आलेला, कापडाचे थर एकमेकांवर जोडून ते टिकाऊ आणि उबदार करण्यासाठी. तिथल्याच जुन्या, ठिगळावर ठिगळ लावलेल्या कपड्यांना बोरो म्हणतात. सध्या जे व्हिजिबल मेंडिंग म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं इथूनच आलंय. आणि यात टाका एकच, धावदोरा, सुई वर-खाली वर-खाली. नवीन माणसाला याच्यापेक्षा सोपं आणि डोळ्यात भरणारं दुसरं काम मला माहीत नाही.

गुडघ्याला विरलेली किंवा फाटलेली जीन्स घ्या. आतून लावायला कापडाचा तुकडा कापा, भोकापेक्षा चारही बाजूंनी निदान दोन सेंटिमीटर मोठा. तुकडा जीन्सपेक्षा जाड नको. कॉटनचा जुना शर्ट चालतो, दुसरी मऊ झालेली जीन्स असेल तर अजून छान. जीन्स उलटी करून तुकडा जागेवर ठेवा, टाचण्या लावा, सुलट करून हात फिरवा आणि कुठे फुगा येत नाही ना बघा. मग साध्या दोऱ्याने मोठे मोठे कच्चे टाके घाला, हे नंतर काढायचेत. कच्चे टाके घालायचा कंटाळा येतो, मला पण यायचा, पण टाचण्यांवर भागवलं की तिसऱ्या ओळीपर्यंत तुकडा सरकलेला असतो आणि टाचण्या हाताला टोचतात ते वेगळंच.

आता एक अडचण जी पहिल्या दिवशी सगळ्यांना येते: पायाची पुढची बाजू शिवता शिवता मागची बाजू पण टाक्यात येते, आणि कळतं कधी, तर अख्खी ओळ झाल्यावर. पायात एक जाडसर पुठ्ठा किंवा मासिक सरकवून ठेवा, सुई त्याला लागली की लगेच समजतं.

खडूने एक-एक सेंटिमीटरवर सरळ रेषा आखा, भोकाच्या बाहेरून सुरू होऊन पलीकडे बाहेरच संपणाऱ्या. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले तीन वेगळे करा आणि हाताच्या लांबीएवढाच दोरा घ्या, लांब घेतला की गुंता होतो. वरचा टाका साधारण चार-पाच मिलिमीटर आणि मधली जागा त्याहून थोडी कमी, म्हणजे वरून दोरा जास्त दिसतो आणि ओळ भरलेली वाटते. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्या, मग दोरा ओढा, आणि इथे थांबा. ओढला की कापड चुणतं. दर ओळीनंतर अंगठ्याने टाके मागच्या दिशेला सारवल्यासारखे सपाट करा, आणि ओळ संपवून पुढच्या ओळीकडे वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा सैल फास सोडा. तो फास बघून "हे ढिलं राहिलं" असं वाटेल, पण तोच पुढे गुडघा वाकवताना कापडाला ताणायला जागा देतो. माझ्या पहिल्या जीन्सला मी सगळं घट्ट ओढलं होतं, दिसायला एकदम नीटनेटकं, आणि बसल्याबरोबर गुडघ्यावर गोळा झाला, शेवटी सगळं उसवून परत घातलं.

आतल्या पायाची जी जाड शिवण असते ना, तिथे कापडाचे चार थर येतात, तिच्यातून सुई घालायचा हट्ट करू नका, ओळ तिच्या अलीकडेच संपवा. बोटाला अंगुस्तान घातलं तर दोन तास काम होतं, नाहीतर वीस मिनिटांत बोट हुळहुळतं. दोन-तीन संध्याकाळी लागतील. लागू द्या.

पिना, मोती, बिल्ले

हे पटकन सांगते. सेफ्टी पिनेचं पेटंट वॉल्टर हंटने 1849 मध्ये घेतलं, आणि 1970 च्या दशकाच्या मध्यावर पंक संगीताच्या नादातल्या पोरांनी तीच पिन फाटक्या कपड्यांवर उघड मिरवली, तिथून ती फॅशनमध्ये शिरली. खिशाच्या कडेला, कॉलरवर, जॅकेटच्या बाहीवर एका ओळीत लावल्या की चांगल्या दिसतात. होजिअरीच्या कापडावर लावायच्या असतील तर आतून फेल्टचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर वजनाने भोकं मोठी होतात. मोती शिवताना प्रत्येक मोत्यामागे गाठ मारा, एकाच दोऱ्यात सगळे ओवले तर एक तुटला की सगळे घरंगळतात. धुवायच्या आधी पिना काढायच्या, गंज चढला तर त्याचा डाग सहजासहजी निघत नाही.

टी-शर्ट क्रॉप करणं, म्हणजे खालून कापून आखूड करणं

इथून कात्री आली. ढगळ टी-शर्ट घाला, आरशासमोर उभे राहा, कुठवर हवाय तिथे खडूची खूण करा आणि आता दोन्ही हात वर करा, जेवढं वर सरकलं ते बघा, तेवढं चालणार असेल तरच ती खूण खरी. मग त्या खुणेच्या तीन सेंटिमीटर खाली कापायचं. तीन सेंटिमीटर का, तर कापलेली कड वळून एक-दीड सेंटिमीटर खाते, आणि उरलेलं तुमच्या चुकीसाठी राखीव.

काढून जमिनीवर पसरा, पलंगावर नको, गादी दबते आणि रेघ वाकडी जाते. टी-शर्ट उभा मधोमध दुमडा, दोन्ही बगलेच्या शिवणी एकमेकांवर येतील असा, कारण पुष्कळ टी-शर्ट धुतल्यावर पिळवटलेले असतात, शिवण बाजूला न राहता पोटावर आलेली असते, आणि तसाच कापला की एक बाजू खाली उतरते. सुरकुत्या हाताने काढा, कात्रीचं पातं पूर्ण उघडून लांब लांब चालवा, टिकटिक करत छोटे कट घेतले की कडेला दातरे येतात. झालं की कड दोन्ही हातांत धरून हलकेच ओढा, ती बाहेरच्या बाजूला छान वळते. कडेला शिलाई हवीच असेल तर मशीनवर सरळ टीप मारू नका, कापड ताणलं की दोरा तुटतो, झिगझॅग मारा.

गळा कापायचा असेल तर हात अजून आखडता घ्या. गळ्याची पट्टी जिथे जोडलीये तिच्या अगदी लगत, फक्त पट्टीच निघेल एवढंच कापा, घालून बघा, दिवसभर वापरा, तो आपोआप थोडा मोठा होतो. पहिल्याच फटक्यात रुंद कापलेला गळा खांद्यावरून उतरतो आणि त्याला काही उपाय नाही.

जीन्स फाडणं

डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, उभे धागे इंडिगोने रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरे, विणच अशी तिरकी की वरच्या बाजूला निळे जास्त दिसतात आणि आतून जीन्स फिकट दिसते. हे एकदा नीट समजलं की फाडण्याची सगळी रीत त्यातूनच निघते. दुकानातल्या फाटक्या जीन्सवर जे पांढऱ्या आडव्या धाग्यांचं जाळं दिसतं ना, ते म्हणजे निळे उभे धागे काढून टाकलेत आणि पांढरे आडवे तसेच ठेवलेत. म्हणून कट आडवेच घ्यायचे. उभा कट घेतला की पांढरे धागेच तुटतात, मग जाळी कसली, नुसतं भगदाड.

उभं राहून गुडघ्याच्या मध्यावर खूण करा, मग खुर्चीत बसा, कापड वर सरकतं आणि खूण गुडघ्यावरून हललेली दिसते, तिथे दुसरी खूण करा, फाडायची जागा या दोन्हींच्या आसपास ठेवा. जीन्स काढा (अंगावर असताना कात्री चालवायची नाही, एकदाही नाही), पायात पुठ्ठा घाला. पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या दोन आडव्या समांतर रेषा आखा, मधे दीड सेंटिमीटर अंतर. बाजूच्या शिवणींपासून निदान तीन सेंटिमीटर आत राहा. दोन्ही रेषा कापा. आता या दोन कटांच्या मधे निळ्या धाग्यांचे दीड सेंटिमीटरचे तुकडे दोन्ही टोकांना सुटे झालेले असतात, पण पांढऱ्यांत अडकून बसलेले. चिमट्याने कडेचा पहिला निळा धागा पकडा आणि वरच्या दिशेला ओढा. पहिले चार-पाच धागे त्रास देतात, मग सुटसुट निघतात आणि पांढरे धागे एकेक करून उघडे पडत जातात, हे बघायला फार समाधान वाटतं. मोठी जाळी हवी असेल तर त्याच्याखाली दीड सेंटिमीटरवर तिसरा कट, चौथा कट, असं वाढवत न्या. एकदम पाच सेंटिमीटरची उघडी जागा पहिल्यांदा करू नका, लांब धागे पायाच्या बोटात अडकून तुटतात, जीन्स घालताना तर हमखास.

ताणली जाणारी जीन्स यासाठी घेऊ नका. तिचं इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, बहुतेक वेळा त्या आडव्या पांढऱ्या धाग्यांतच असतं, आणि निळ्यांचा आधार गेला की ते धागे काही दिवसांत सैल पडून लोंबायला लागतात. पूर्ण कॉटनची जाडसर जीन्सच हवी.

खिशाच्या कोपऱ्यांजवळ पण नको. तिथे तांब्याचे छोटे रिवेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या बटणासारख्या टिकल्या, का असतात ठाऊक आहे? जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने कामकरी लोकांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटतात म्हणून तिथे रिवेट ठोकायला सुरुवात केली आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर 20 मे 1873 ला त्याचं पेटंट मिळवलं. दीडशे वर्षं झाली तरी ताण तिथेच येतो, तिथे कट घेतलात तर तो तुमच्या मर्जीने थांबणार नाही.

फाडायचं नसेल, नुसतं झिजलेलं दाखवायचं असेल तर बारीक सँडपेपर पुरतो. इंडिगो धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरून थर बसल्यासारखा असतो, म्हणून घासलं की आतला पांढरा दिसायला लागतो, जीन्स वापरून वापरून फिकी होते तेही याच कारणाने. खिशाच्या कडा, मांडीचा वरचा भाग, खालची दुमड, जिथे खऱ्याखुऱ्या वापराने झिजतं तिथेच घासा, भलत्याच जागी पांढरा ठिपका आला की तो डाग वाटतो. शेवटी मशीनमध्ये एकदा धुवा, कटाच्या कडा सुंदर फुलून येतात. भोक पुढे वाढू नये म्हणून कटाच्या दोन्ही टोकांना आतून चार-चार टाके घालून ठेवा.

टाय-डाय

टाय-डाय म्हणजे कापड पिळून, बांधून रंगवणं, आणि इथे रंग कुठला घेता यावर सगळं आहे. कॉटनसाठी रिॲक्टिव्ह डाय मागा, हे 1956 मध्ये बाजारात आले, आणि यांची खासियत ही की रंग धाग्यावर नुसता बसत नाही, धाग्याशी रासायनिक बंध करतो, म्हणून वर्षानुवर्षं धुतला तरी टिकतो. पॉलिएस्टरला हा रंग लागतच नाही. पांढरा कॉटन टी-शर्ट रंगवला की शिलाईचा दोरा पांढराच राहिलेला दिसेल, घाबरू नका, दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. मला तर ती पांढरी शिलाई उठून दिसते तीच आवडते.

बंध व्हायला अल्कली लागते, ती म्हणजे धुण्याचा सोडा, खायचा सोडा नव्हे. एक लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम विरघळवा, त्यात टी-शर्ट वीस मिनिटं भिजवा, हातमोजे घालून पिळून काढा. जमिनीवर पसरा, मधोमध चिमटीत धरून गोल गोल फिरवत चकली पाडा, दोन-तीन रबरबँड आडवे-उभे लावा. रंगाची पूड पाण्यात कालवताना तोंडावर मास्क हवा, पूड श्वासात जाता कामा नये, आणि जे भांडं-चमचा वापराल ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. रंग पाण्यात कालवला की त्याच दिवशी संपवा.

रंग निवडताना लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, जांभळा आणि पिवळाही नको, जिथे एकमेकांत मिसळतात तिथे मातकट होतं. पिवळा-केशरी-लाल किंवा निळा-जांभळा-गुलाबी असे सख्खे शेजारी घ्या. दोन्ही बाजूंनी ओता, घड्यांच्या आत पोचेल इतका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उबदार जागी निदान बारा तास, चोवीस झाले तर अजून चांगलं. दुसऱ्या दिवशी रबरबँड न काढता आधी गार पाण्याखाली धरा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं की मग रबरबँड काढा, आणि नंतर गरम पाण्यात साबण लावून धुवा, म्हणजे न चिकटलेला रंग निघून जाईल. गाठ सोडायची घाई झाली की पांढऱ्या भागावर रंग पसरतो.

ब्लीच, सगळ्यात शेवटी

फक्त कॉटनवर. लोकर आणि रेशीम यात अक्षरशः विरघळतं, इलास्टेन खराब होतं, पॉलिएस्टरचं काय होतं ते वर सांगितलंच.

गच्ची किंवा उघडी खिडकी, हातमोजे, जुने कपडे, डोळ्यांवर चष्मा. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घाला नाहीतर पुढचं मागे उतरतं. घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रेच्या बाटलीत भरा. आधी आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून बघा, कारण काळा कपडा पांढरा होईलच असं नाही, बहुतेक वेळा विटकरी नाहीतर केशरी होतो, कुठल्या रंगांचं मिश्रण करून काळा केलाय त्यावर असतं. पाने, कागदी आकार, पट्ट्या ठेवून वरून फवारलं की त्या जागा काळ्या राहतात आणि भोवती रंग उडतो. पाच-दहा मिनिटं, तेही समोर बसून. आणखी फिकं हवं म्हणून तासभर सोडलं तर रंगाबरोबर धागाही कमजोर होतो आणि दोन धुण्यांत भोकं पडतात.

हवा तो रंग आला की लगेच भरपूर गार पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने ब्लीच पूर्ण जात नाही, म्हणून धुऊन झाल्यावर 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग करून त्यात दहा मिनिटं बुडवा, मग परत धुवा. व्हिनेगर घाला असं जिथे तिथे सांगतात, ते अजिबात करू नका. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं, म्हणजे व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, की क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे. अमोनिया असलेलं क्लीनरही तितकंच घातक. बाटल्या दूरदूर ठेवा, आणि डोकं जड झालं किंवा घसा जळजळला तर काम टाकून मोकळ्या हवेत जा, टी-शर्टचं काय व्हायचं ते होऊ दे.

धुणं आणि उरलेले तुकडे

रंगवलेला कपडा पहिली तीन धुणी वेगळा धुवा. ठिगळाची आणि फाडलेली जीन्स उलटी करून, चेन लावून, गार पाण्यात, आणि धागे उघडे असतील तर जाळीच्या पिशवीत. उन्हात वाळवायची असेल तरी उलटीच.

टी-शर्टच्या कापलेल्या पट्ट्या आडव्या कापून ओढल्या की गुंडाळून दोरीसारख्या होतात, हेअरबँडला किंवा हूडीच्या नाडीला वापरता येतात. जीन्सचे पाय कापले असतील तर तो तुकडा घडी करून त्याच जीन्सच्या खिशात ठेवून द्या, कारण पुढे कधी गुडघा विरला तर तेवढंच धुतलेलं, तेवढंच फिकं झालेलं कापड दुसरीकडे शोधून सापडत नाही.